मुक्या रुग्णाची वही

मांजराला कर्करोग होतो का? हा प्रश्न वर्गात विचारला, तर पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हसू पसरते. कर्करोग हा माणसांचा, त्यातही तंबाखू खाणाऱ्यांचा किंवा म्हाताऱ्या माणसांचा रोग, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या ज्या प्राण्याचे शरीर पेशींचे बनलेले आहे आणि ज्याच्या पेशी विभागून वाढतात, त्याला कर्करोग होऊ शकतो. कुत्री, गाई, घोडे यांना तो होतो, आणि आपल्या चुलीजवळ वेटोळे करून झोपणाऱ्या मांजरालाही होतो.

पूर्वी असे मांजर "आजारी पडून गेले" एवढेच घरात बोलले जाई. आता परिस्थिती बदलली आहे. मांजरे घरात राहतात, लसी घेतात, बारा-पंधरा वर्षे जगतात. वय वाढले की कर्करोगाचा संभवही वाढतो. म्हणून तुमच्यापैकी काहींच्या घरी हा प्रसंग आज ना उद्या येण्यासारखा आहे. तो आला, तर घरच्यांनी काय करावे? डॉक्टरांचे काम डॉक्टर करतील. पण रुग्ण मुका आहे. "पोटात दुखते", "मळमळते" असे तो सांगणार नाही. उलट आजार लपवणे हाच मांजराचा स्वभाव आहे. जंगलात अशक्त दिसणारा प्राणी दुसऱ्याचे भक्ष्य होतो. त्यामुळे मांजर शेवटपर्यंत शांत बसून राहते. अशा रुग्णाच्या वतीने बोलण्याचे साधन एकच आहे, ते म्हणजे मोजमाप. मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून या विषयाकडे मोजमापाच्या बाजूने पाहणार आहे.

गाठ दिसते तेव्हा किती वेळ गेलेला असतो?

कर्करोगाची सुरुवात एका बिघडलेल्या पेशीपासून होते असे समजू. तिच्या दोन पेशी होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. दहा वेळा दुप्पट झाल्यावर १,०२४ पेशी होतात. वीस वेळा दुप्पट झाल्यावर साडेदहा लाख होतात. तीस वेळा झाल्यावर सुमारे १०७ कोटी. एवढ्या पेशींचा गोळा साधारण एक ग्रॅम वजनाचा, म्हणजे मोठ्या वाटाण्याहून थोडा मोठा असतो. मांजराच्या कातडीखाली तो बोटाला लागतो, आणि आपण म्हणतो, "अरे, ही गाठ कालपर्यंत नव्हती!"

ती होती. पण दिसण्याजोगी नव्हती. आणखी दहा वेळा दुप्पट झाली, तर तिचे वजन एक किलोग्रॅम होईल. चार किलो वजनाच्या मांजराच्या दृष्टीने हे अशक्य ओझे आहे. त्याच्या पुष्कळ आधीच त्याचे जीवन संपते. म्हणजे एकूण चाळीस पायऱ्यांपैकी पहिल्या तीस पायऱ्या अंधारात चढल्या जातात आणि आपल्या हाती शेवटच्या काही पायऱ्या उरतात. प्रत्यक्षात गाठीतील पुष्कळ पेशी मरतात, वाढीचा वेगही पुढे मंदावतो; म्हणून हे गणित ढोबळ आहे. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. गाठ लागल्यावर "बघू पुढच्या महिन्यात" म्हणण्याइतका वेळ आपल्याजवळ नसतो.

आणखी एक हिशेब पाहा. मांजरीच्या स्तनांतील गाठी बहुतांशी घातक असतात. दर दहा गाठींपैकी आठ-नऊ कर्करोगाच्या निघतात. त्यांत आकाराला फार महत्त्व आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांची गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान होती, अशा मांजरी पुढे वर्षानुवर्षे जगलेल्या आढळतात. तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, तर बहुधा काही महिनेच मिळतात. दोन आणि तीन यांत फरक तो काय, असे वाटेल. पण गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचे घनफळ सुमारे ४.२ घन सेंटिमीटर, तर तीन सेंटिमीटरच्या गोलाचे १४.१ घन सेंटिमीटर. पट्टीवर दिसणारा एका सेंटिमीटरचा फरक पेशींच्या संख्येत सव्वातीन पटींहून अधिक असतो.

या रोगाला अटकाव करण्याचा उपायही आहे. सहा महिन्यांची होण्याआधी मांजरीची गर्भाशय व बीजकोश काढण्याची शस्त्रक्रिया केली, तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो.

सोलापूरचे ऊन आणि पांढरे मांजर

मांजरांचा एक कर्करोग असा आहे की, सोलापूरकरांनी त्याची माहिती आवर्जून करून घ्यावी. पांढऱ्या मांजराच्या कानांच्या टोकांवर, नाकाच्या शेंड्यावर किंवा पापण्यांवर तो होतो. आधी ती जागा लालसर होते. मग खपली धरते. खपली पडते, पुन्हा धरते. बोक्याच्या भांडणात ओरखडा उठला असेल असे समजून आपण हळद लावतो. पण साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते, ही भरत नाही.

याचे कारण सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण. त्यांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पेशींतील आनुवंशिक द्रव्याची मोडतोड करतात. काळ्या किंवा करड्या मांजराच्या कातडीतील रंगद्रव्य हे किरण शोषून घेते. पांढऱ्या मांजराला ते संरक्षण नसते, आणि कानांवर केसही विरळ असतात. कॅलिफोर्नियातील मांजरांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्यात पांढऱ्या मांजरांना हा रोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे १३ पट आढळला.

सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. अशा वेळी किरणांना वातावरणातून, म्हणजेच ओझोनच्या थरातून, कमीत कमी अंतर तोडावे लागते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना हेच अंतर जवळजवळ दुप्पट होते. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात हे किरण फार थोडे पोचतात आणि दुपारी पुष्कळ. मांजराला हे कळण्याचा मार्ग नाही. त्याला ऊब कळते, आणि ऊब देणारे किरण वेगळे असतात. तेव्हा पांढरे मांजर असेल, तर सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत त्याला गच्चीवर किंवा पत्र्यावर झोपू देऊ नये. बंद खिडकीची साधी काच हे घातक किरण बहुतेक अडवते. उघड्या खिडकीचे गज अडवत नाहीत.

रोग कानाच्या टोकापुरता असताना डॉक्टरांनी कानाची पाळी कापून टाकली, तर मांजर बहुधा पूर्ण बरे होते. कान आखूड झाला, तरी ऐकू चांगले येते. तीच खपली वर्षभर तशीच ठेवली, तर रोग खोल जातो आणि काम अवघड होऊन बसते.

बार्शीने शिकवलेली गोष्ट

लवकर ओळखण्याने किती फरक पडतो, याचे उत्तम उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यातच आहे. ते माणसांचे आहे, पण इथे लागू पडते. बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यांतील लोकसंख्येसाठी चालवलेली भारतातील ही पहिली नोंदणी होय. बार्शी तालुक्याबरोबरच शेजारच्या परांडा आणि भूम तालुक्यांतील गावे तिच्यात घेतली होती. खेड्यापाड्यांत रुग्णालये नव्हती. नुसते रुग्णालयात बसून नोंदी होणे शक्य नव्हते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांना धोक्याची लक्षणे समजावून सांगत आणि "अशी लक्षणे कोणाला आहेत का?" असे विचारत. ज्यांना ती असत, त्यांना तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात आणले जाई.

यातून नोंदी तर मिळाल्याच, पण आणखी एक गोष्ट घडली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असलेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारासाठी येऊ लागल्या. महागडी यंत्रे गावात न नेता, केवळ माहिती आणि विचारपूस यांनी हा फरक पडला.

मांजराच्या बाबतीत असा गावोगाव फिरणारा कार्यकर्ता कोणी नाही. ते काम घरातल्यांनाच करावे लागते. मांजर अंगावर घेऊन बसण्याची सवय असतेच. त्याच वेळी आठवड्यातून एकदा मानेपासून शेपटीपर्यंत बोटे फिरवावीत. जबड्याखाली, काखेत, पोटावर गाठ लागते का? तोंडाला दुर्गंधी, लाळ, दात नसलेल्या जागी सूज आहे का? वजन उतरते आहे का? उलट्या किंवा जुलाब आठवडेच्या आठवडे चालले आहेत का? श्वास जलद आहे का? यांपैकी काही आढळल्यास जनावरांच्या दवाखान्यात जावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. सुईने थोड्या पेशी काढून किंवा गाठीचा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निदान होत नाही. नुसत्या नजरेने ते डॉक्टरांनाही करता येत नाही.

उपचार आणि अंगणातली सदाफुली

कर्करोगावर मुख्यतः तीन मार्ग आहेत: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे. आपल्याकडे मांजरांसाठी शस्त्रक्रिया आणि औषधे हेच प्रामुख्याने वापरात आहेत. महाराष्ट्रात पशुवैद्यकाची परंपरा जुनी आहे. मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. महालक्ष्मी भागात टाटा न्यासाचे लहान पाळीव प्राण्यांचे मोठे रुग्णालय २०२४ साली उघडले. परंतु सोलापूरहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. आजारी मांजराला टोपलीत घालून रात्रभर प्रवास घडवणे हीदेखील त्याला शिक्षाच असते. म्हणून निदान मोठ्या ठिकाणी आणि पुढची देखभाल गावातल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी, अशी विभागणी पुष्कळदा सोयीची ठरते.

मांजरांत वारंवार आढळणारा कर्करोग म्हणजे लसिका-पेशींचा, ज्याला लिम्फोमा म्हणतात. तो आतड्यांत, छातीत, मूत्रपिंडांत कुठेही होतो. याच्या उपचारातील एक प्रमुख औषध म्हणजे व्हिन्क्रिस्टिन, आणि ते मिळते सदाफुलीपासून. सोलापूरच्या रणरणत्या उन्हातही न कोमेजणारी ही गुलाबी-पांढऱ्या फुलांची वनस्पती मूळची मादागास्कर बेटावरची. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे शास्त्रज्ञ तिचा मधुमेहावर उपयोग होतो का, हे तपासत होते. मधुमेहावर काही परिणाम दिसला नाही, पण उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झालेल्या आढळल्या. त्या धाग्यावरून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन ही औषधे हाती आली. पेशी विभागताना तिच्यातील गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेणारे सूक्ष्म तंतू तयार होतात. हे औषध ते तंतू बनूच देत नाही. त्यामुळे भराभर विभागणाऱ्या पेशी अडकून मरतात.

हे वाचून कोणी सदाफुलीची पाने मांजराला चारू नयेत. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, आणि पानांतील इतर द्रव्ये विषारी आहेत.

माणसांच्या मानाने मांजरांना ही औषधे सौम्य प्रमाणात देतात. काही दिवस भूक मंदावते, क्वचित उलट्या होतात, पांढऱ्या पेशी घटतात. अंगावरचे केस मात्र सहसा गळत नाहीत. मिशा तेवढ्या गळतात. आपल्या डोक्यावरचे केस सतत वाढत असतात, तर मांजराचे बहुतेक केस विश्रांतीच्या अवस्थेत असतात. विभागणाऱ्या पेशींवरच औषधाचा मारा असल्यामुळे ते वाचतात. आतड्यांच्या मंद गतीच्या लिम्फोमात घरी देता येणाऱ्या गोळ्यांवर कित्येक मांजरे दोन-दोन वर्षे चांगली राहतात.

घरात दोन पथ्ये पाळावीत. औषधाचा अंश मांजराच्या मूत्रातून व विष्ठेतून काही दिवस बाहेर पडतो. म्हणून मातीचे भांडे रबरी हातमोजे घालूनच साफ करावे आणि गर्भवती स्त्रीने व लहान मुलांनी त्यापासून दूर राहावे. गोळी कधीही फोडू नये. मात्र मांजराला जवळ घ्यायला घाबरू नये. त्याचा कर्करोग माणसाला लागत नाही. ग्लासगोच्या विल्यम जॅरेट यांनी १९६४ साली मांजरांत कर्करोग घडवणारा एक विषाणू शोधला. तो लाळेवाटे एका मांजरातून दुसऱ्या मांजरात जातो, पण माणसात येत नाही. घरात दुसरे मांजर असेल, तर त्याची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

मांजर म्हणजे छोटा माणूस नव्हे

या विषयातील सर्वांत मोठा धोका आपल्या औषधांच्या डब्यात असतो. मांजर कण्हते आहे, अंग गरम लागते, मग घरातील कोणीतरी मायेने तापाची अर्धी गोळी देतो. ही गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. आपल्या यकृतात तिचा निचरा ज्या रासायनिक मार्गाने होतो, तो मांजरात फारच दुबळा आहे. साठलेले विषारी द्रव्य तांबड्या पेशींवर हल्ला करते, रक्त तपकिरी पडते, प्राणवायू वाहून नेण्याची त्याची शक्ती जाते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही धोक्याची आहेत. एका प्राण्याला चालणारे औषध दुसऱ्याला चालेलच असे नाही, हे आपण गिधाडांच्या बाबतीत पाहिले आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन ती मेली आणि २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर आपल्या देशात बंदी आली. कुत्र्यांच्या कर्करोगावर वापरले जाणारे सिस्प्लॅटिन हे औषध मांजराला दिले, तर त्याच्या फुप्फुसांत पाणी भरते.

समजा हे भेद नसते, तरी मात्रेचे गणित सोपे नव्हते. कर्करोगाची बरीच औषधे शरीराच्या पृष्ठफळावरून देतात. साठ किलोच्या माणसाचे पृष्ठफळ सुमारे १.६५ चौरस मीटर, तर चार किलोच्या मांजराचे सुमारे ०.२५ चौरस मीटर. वजनाचे प्रमाण १५ ला १ आहे, पण पृष्ठफळाचे साडेसहाला १. मात्रा कोणत्या हिशेबाने काढायची, हे प्रत्येक औषधागणिक बदलते. म्हणून "माणसाची गोळी, पंधरावा भाग" असला हिशेब घरी करू नये. मांजरांना चालणारी वेदनाशामके डॉक्टरांजवळ आहेत. ती मागून घ्यावीत.

वहीत काय लिहावे?

एक दोनशे पानी वही घ्यावी आणि रोज रात्री पाच ओळी लिहाव्यात: काय खाल्ले, किती पाणी प्याले, उलटी-जुलाब, झोपेतला श्वास, आणि दिवस एकूण कसा गेला. आठवड्यातून एकदा वजन. घरातील एकानेच हे काम अंगावर घेतले, तर नोंदींत सारखेपणा राहतो.

वजनाचे उदाहरण घेऊ. मांजराला उचलून काट्यावर उभे राहायचे आणि मग स्वतःचे वजन वजा करायचे, ही रीत सोपी आहे. पण काट्याचे लघुतम माप १०० ग्रॅम असेल, तर दोन वाचनांतील त्रुटी मिळून १०० ग्रॅमपर्यंत चूक होऊ शकते. चार किलोच्या मांजरात ही चूक अडीच टक्क्यांची झाली. त्यापेक्षा किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपली ठेवून काटा शून्य करावा आणि मग मांजर टोपलीत ठेवावे. समजा, सात आठवड्यांची वजने अशी आली: ४.००, ३.९६, ४.०२, ३.९४, ३.९०, ३.८४, ३.८० किलो. पहिली तीन वाचने वर-खाली आहेत. पोट भरलेले की रिकामे, एवढ्यानेही असा फरक पडतो. पण शेवटची चार वाचने आलेखावर मांडली, तर रेषा सरळ खाली उतरताना दिसते. आठवड्याला सुमारे ४७ ग्रॅम. याच गतीने आणखी चार-पाच आठवड्यांत वजन ३.६ किलोवर येईल, म्हणजे दहा टक्के घट. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरण्यासारखे हे आहे. रोज मांजर पाहणाऱ्या डोळ्यांना ही घट दिसत नाही, आलेखावर ती महिनाभर आधी दिसते. डॉक्टरांपुढे "हल्ली जरा वाळले आहे" असे सांगण्याऐवजी हा आलेख ठेवावा.

श्वास मोजणे त्याहून सोपे. मांजर गाढ झोपले असताना घड्याळ हातात घेऊन तीस सेकंदांत छाती किती वेळा वर येते ते मोजा आणि दोनाने गुणा. निरोगी मांजराचा श्वास झोपेत मिनिटाला तीसपेक्षा कमी असतो. तो सतत वाढत गेला, तर छातीत पाणी साठत असण्याची शंका येते. कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकणारे मांजर दिसले, तर त्याच घडीला दवाखाना गाठावा.

खाणे, पाणी आणि उन्हाळा

मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. गोड चव त्याला कळतच नाही. त्या चवीसाठी लागणारे एक जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे. शिळी दूध-भाकरी कुस्करून घातली, तर आजारी मांजराचे भागत नाही. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. उकडलेली कोंबडी, मासळी, अंडे असे द्यावे, तेही बिनमसाल्याचे. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणून आपल्या ताटातला रस्सा किंवा शेंगाचटणी लागलेला तुकडा देऊ नये.

मांजर आधी वासाने जेवते. अन्न थोडे कोमट, अंगाइतके गरम केले, की त्यातील गंधद्रव्यांचे बाष्पीभवन वाढते आणि मंदावलेली भूक चाळवते. एका वेळी चमचा-दोन चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात उरलेले अन्न तासाभरात नासू लागते. दोन दिवस मांजराने काहीच खाल्ले नाही, तर वाट पाहू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून तेच यकृत बंद पडते, आणि मूळ रोगाआधी उपासमारच त्याला नेते. भूक वाढवणारी औषधे आहेत, नळीवाटे अन्न देण्याची सोयही आहे.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर जातो. माठाजवळची गार फरशी, खिडकीला वाळ्याचा ओला पडदा आणि दोन-तीन ठिकाणी पाण्याची पसरट भांडी एवढी व्यवस्था करावी. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती चटकन खाली बसली पाहिजे. उभी राहिली, तर अंगातले पाणी कमी झाले आहे. कातडीखाली सलाईन देण्याची रीत डॉक्टर घरच्यांना शिकवतात, आणि ती शिकण्यासारखी आहे.

थांबायचे केव्हा?

शेवटी कठीण प्रश्न येतो. प्रत्येक घराला महिनोन्महिने उपचाराचा खर्च परवडत नाही. परवडला, तरी प्रत्येक मांजराला गुण येत नाही. उपचार न घेता वेदना, मळमळ आणि भूक एवढ्यांकडेच लक्ष देणे हाही एक रीतसर उपचार आहे. लिम्फोमात नुसत्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनीही काही आठवडे बरे जातात. मात्र निदान होण्याआधी त्या सुरू करू नयेत, कारण त्यांच्यामुळे पेशींचे चित्र पुसट होते आणि पुढची तपासणी फसते.

मांजराला दुखते आहे, हे ओळखण्यासाठी कॅनडातील माँट्रियल विद्यापीठात २०१९ साली एक मोजपट्टी तयार झाली. कानांची ठेवण, डोळ्यांची उघडीप, मुस्कटाचा ताण, मिशांची दिशा आणि डोके खाली गेले आहे का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. बेरीज चार किंवा अधिक आली, तर वेदनाशामक हवे. संपूर्ण जीवनाचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली दुसरी पट्टी दिली. वेदनेपासून आराम, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. सत्तरांपैकी ३५ पेक्षा अधिक गुण असतील, तोवर देखभाल चालू ठेवणे योग्य ठरते.

गुण घसरतच राहिले, तर डॉक्टर दयामरणाचा पर्याय सांगतात. आधी भूल देतात, मग इंजेक्शन. मांजराला कळत नाही. काही घरांना हे पटते, काहींच्या श्रद्धेत ते बसत नाही. ज्यांना पटत नाही, त्यांच्यावर वेदना शमवण्याची जबाबदारी दुप्पट येते. निर्णय कोणताही असो, तो आजीपासून धाकट्या भावंडापर्यंत सर्वांनी वही समोर ठेवून घ्यावा. माया असते तिथे "आज जरा बरे दिसते" असे रोजच वाटते. गेल्या तीस दिवसांपैकी किती दिवस मांजर स्वतः उठून जेवले, किती दिवस त्याने अंग चाटून साफ केले, हे वहीतले आकडे सांगतात. त्या आकड्यांत मांजराचे म्हणणे असते.

करून पाहा

तुमच्या घरी किंवा शेजारी निरोगी मांजर असेल, तर आजपासून चार आठवडे त्याचे वजन आणि झोपेतला श्वास मोजा. प्रत्येक वाचन तीनदा घेऊन सरासरी काढा, काट्याचे लघुतम माप वहीत लिहा आणि आलेख काढा. शिक्षकांना वर्गातील दहा-बारा मांजरांचे आलेख एकत्र लावून निरोगी मांजरांत किती फरक असतो, हे दाखवता येईल. वही जपून ठेवा. ते मांजर पुढे कधी आजारी पडले, तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, "याचे नेहमीचे वजन किती होते?"